उज्जैन, पुणे, हानले

उज्जैनचे जंतर-मंतर इंदूरच्या मराठी माणसाला नव्याने सांगायला नको. शाळेची एक तरी सहल तिथे गेलेली असते. सम्राट यंत्राच्या पायऱ्यांवर चढू नका म्हणून गुरुजी ओरडलेले असतात आणि परतताना महाकालाचे दर्शन झालेले असते. पण त्या वास्तूच्या इतिहासातला एक आकडा आमच्या वाचनात फार उशिरा आला. सवाई जयसिंह माळव्याचा सुभेदार असताना, अठराव्या शतकाच्या पूर्वार्धात, ती वेधशाळा उभी राहिली. १७४३ साली जयसिंह वारला. त्यानंतर तिची नीट दुरुस्ती झाली ती १९२३ साली, ग्वाल्हेरच्या माधवराव शिंद्यांनी केली तेव्हा. मधली १८० वर्षे यंत्रे होती, आकाश होते, उज्जयिनीच्या मध्यरेषेचा मानही होता, फक्त वेध घ्यायला कोणी नव्हते. शिंदे सरकारने दुरुस्तीवरच काम थांबवले नाही. गोविंद सदाशिव आपटे या मराठी गणितज्ञाला तिथे अधीक्षक नेमले, आणि बंद घर पुन्हा नांदते झाले. ग्रहस्थितीचे पंचांग तिथून आजही निघते. जयसिंहाने बांधलेल्या पाचांपैकी मथुरेच्या वेधशाळेचा आज मागमूसही नाही, हे लक्षात घेतले म्हणजे आपट्यांच्या खुर्चीचे मोल कळते.

२०२४ साली आमच्या समाजाचे आम्ही अकरा जण लडाखला हानले येथील वेधशाळा पाहायला गेलो. त्या प्रवासाचे वर्णन लिहा, असा संपादक मंडळाचा आग्रह होता. नुसते ‘सकाळी चहा घेऊन निघालो’ या थाटाचे लिहिण्यापेक्षा वेधशाळा जगतात कशा आणि मरतात कशा, याविषयी लिहावे असे आम्हाला वाटले, कारण परतीच्या वाटेवर आमच्यात सगळी चर्चा त्याचीच झाली. म्हणून उज्जैननंतर आधी पुण्याला जाऊ.

पुण्याच्या कॉलेज ऑफ सायन्समध्ये, म्हणजे नंतरच्या अभियांत्रिकी महाविद्यालयात, १८८८ साली एक वेधशाळा सुरू झाली होती, हे पुण्यातल्याही अनेकांना ठाऊक नसते. कावसजी दादाभाई नायगमवाला हे पारशी प्राध्यापक तिचे संस्थापक. भावनगरचे महाराज तख्तसिंहजी यांनी देणगी दिली, मुंबई सरकारने तीत भर घातली, आणि महाराजांच्याच नावाने वेधशाळा उभी राहिली. तिथली २० इंच व्यासाची, आरशाची दुर्बीण त्या काळात देशातली सर्वांत मोठी होती. २२ जानेवारी १८९८ रोजी खग्रास सूर्यग्रहण झाले. त्याची छायारेषा सोलापूर जिल्ह्यातल्या जेऊर गावावरून जात होती. अमेरिकेच्या लिक वेधशाळेचे लोक सामानसुमान घेऊन तिथे येऊन राहिले होते. त्याच जेऊरला नायगमवालांनीही आपला तळ ठोकला आणि ग्रहणाचा सविस्तर अहवाल पुढे छापून प्रसिद्ध केला. करमाळ्याच्या माळरानावर एक भारतीय प्राध्यापक आपल्या पथकासह सूर्याच्या प्रभामंडळाचा वर्णपट टिपायला उभा आहे, हे दृश्य आम्हाला फार आवडते.

१९१२ साली नायगमवाला निवृत्त झाले, आणि वेधशाळा बंद झाली. त्यांच्या जागी कोणी आले नाही. यंत्रे उचलून कोडाईकॅनालच्या सरकारी सौर वेधशाळेत पाठवून दिली. आम्ही सरकारी नोकर आहोत. एखादा अधिकारी निवृत्त झाल्यावर त्याच्या हौसेने उभे राहिलेले काम कसे गुंडाळले जाते, हे आम्ही बरेचदा पाहिले आहे, त्यामुळे या हकिगतीचे आम्हाला नवल वाटले नाही. वाईट मात्र वाटले. लोकमान्यांच्या पुण्यात हे घडले, म्हणून जास्त वाटले. ज्या १८९३ साली गणेशोत्सवाला सार्वजनिक रूप आले, त्याच साली टिळकांचा ‘ओरायन’ ग्रंथ प्रसिद्ध झाला. मृगशीर्षातल्या वसंतसंपातावरून वेदांचा काळ ठरवण्याचा तो प्रयत्न. तीन वर्षांनी शंकर बाळकृष्ण दीक्षितांचा ‘भारतीय ज्योतिषशास्त्र’ हा ग्रंथ मराठीत आला. ज्या शहरात आकाशाचा एवढा विचार चालला होता, तिथे आकाश पाहायची जागा एका माणसाच्या नोकरीबरोबर संपली.

आता पुण्याच्या यंत्रांबरोबर कोडाईकॅनालला जायचे. तिथली वेधशाळा टिकली, वाढली आणि १९७१ साली तिच्यातूनच भारतीय तारा भौतिकी संस्था स्वतंत्र झाली. वेणू बाप्पू तिचे पहिले संचालक. ऐंशीच्या दशकाच्या अखेरीस देशाला मोठ्या दुर्बिणीसाठी नवी, उंच आणि कोरडी जागा हवी असे ठरले. नव्वदच्या दशकात शोध सुरू झाला आणि या संस्थेच्या लोकांनी जी जागा नक्की केली ती हानले. म्हणजे पुण्याच्या वेधशाळेची भांडीकुंडी ज्या घरी गेली, त्याच घरच्या लेकरांनी लडाखमध्ये नवा संसार मांडला. नाते दूरचे आहे, पण आहे.

आम्ही निघालो पितृपक्षात. घरच्या मोठ्या माणसांनी नाराजी दाखवली. या दिवसांत कोणी प्रवासाचा बेत करतो का? त्यांना समजावले, की पितृपक्ष म्हणजे भाद्रपदाचा कृष्ण पक्ष, आणि तारे पाहायचे तर चंद्र नको. श्राद्धे सांभाळून, अमावस्येच्या चार दिवस आधी हानलेला पोहोचायचे असे ठरले. आमच्यातले सर्वांत थोरले काका ६६ वर्षांचे. त्यांना डॉक्टरांनी तपासून होकार दिल्यावरच सगळ्यांची तिकिटे काढली. लेहला उतरल्यावर दोन दिवस काही न करता पडून राहायचे असते. ३,५०० मीटरवरची हवा अंगवळणी पडायला तेवढा वेळ लागतो. ज्यांना हे पटत नाही त्यांनी जाऊ नये, एवढेच सांगतो.

नुब्रा खोऱ्यात हुंदरच्या वाळूच्या टेकड्या आणि दोन वशिंडांचे उंट पाहून आलो. वाळवंट म्हटले की आपल्याला जैसलमेर आठवते. इथे वाळूमागे बर्फाची शिखरे आणि वाळूच्या कडेने ओढा. ते उंट इथले म्हणावेत तर इथले नव्हेत. लेह ते यारकंद असा काराकोरम ओलांडून व्यापार चालत असे. त्या काफिल्यांबरोबर मध्य आशियातून हे उंट आले. १९४७ नंतरच्या काही वर्षांत ती वाट बंद झाली आणि उंट अलीकडेच राहून गेले. आज पर्यटकांना पाठीवर घेऊन दहा-पंधरा मिनिटे फिरवणे हे त्यांचे काम. माळव्यात चार-पाच पिढ्या राहिलेल्या आपल्यासारख्या लोकांना अशा राहून गेलेल्या प्राण्यांविषयी जरा आपुलकी वाटते.

लेहहून हानले अडीचशे किलोमीटरहून जास्त. परमिट काढावे लागते, कारण सरहद्द जवळ आहे. उपशी, चुमाथांगचे गरम पाण्याचे झरे, माहे, न्योमा, लोमाचा पूल, असा रस्ता, आणि बराच वेळ सिंधू नदी शेजारून चाललेली. चुमाथांगला झऱ्यात पाय सोडून बसलो तेव्हा समोर नदीचे पाणी बर्फासारखे गार. पुढे उघडे पठार लागते. तिथे कियांग म्हणजे रानटी गाढवांचे कळप दिसतात आणि चांगपा मेंढपाळांचे याकच्या केसांचे काळे तंबू. ज्या पश्मिन्याच्या शाली आपण लग्नात दाखवतो, त्याची लोकर याच लोकांच्या बकऱ्यांची.

हे सगळे थंड वाळवंट आहे. पावसाचे ढग हिमालयाच्या दक्षिण उतारावर रिकामे होतात, पलीकडे येते ती कोरडी हवा. लेहला वर्षभरात सुमारे दहा सेंटिमीटर पाऊस पडतो. आमच्या इंदुरात जुलैचा एखादा चांगला आठवडा तेवढा देऊन जातो. दुर्बिणीला हेच हवे असते. हवेतली वाफ ताऱ्यांचा अवरक्त प्रकाश शोषून घेते, ती इथे फार कमी. वर्षातल्या अडीचशेहून अधिक रात्री काही ना काही निरीक्षणाला उपयोगी पडतात. जी जमीन शेतकऱ्याला काही देत नाही ती खगोलशास्त्रज्ञाला सोन्यासारखी वाटते.

गावाच्या टेकडीवर सतराव्या शतकातला गोम्पा आहे. लडाखचा राजा सेंगे नामग्याल याच्या आश्रयाने आणि त्याचे गुरू स्तागत्सांग रास्पा यांच्या प्रेरणेने तो झाला. लेहचा नऊ मजली राजवाडा याच राजाच्या नावावर आहे. मोहिमेवरून परतताना १६४२ साली तो वारला तो या हानलेलाच. तिबेटच्या वाटेवरचे हे ठाणे त्या काळी किती महत्त्वाचे होते, ते यावरून समजते. गोम्पाच्या गच्चीवरून समोरच्या पठारापलीकडे एक डोंगर दिसतो, आणि त्याच्या माथ्यावर पांढरा घुमट. डोंगराचे मूळ नाव दिगपा-रात्सा री. वेधशाळा झाल्यापासून त्याला सरस्वती पर्वत म्हणतात. गणपतीच्या अंकात सरस्वतीचे नाव येणे योग्यच.

त्या घुमटात दोन मीटर व्यासाची हिमालय चंद्र दुर्बीण आहे. सुब्रह्मण्यन चंद्रशेखर यांच्या नावावरून ‘चंद्र’. उंची सुमारे ४,५०० मीटर. २००० साली २६ आणि २७ सप्टेंबरच्या मधल्या रात्री तिने पहिल्यांदा आकाशाकडे पाहिले. समुद्रकाठी असते त्याच्या जेमतेम साठ टक्के हवा या उंचीवर, थंडीत पारा शून्याच्या खाली वीस अंशांच्याही पुढे. अशा जागी शास्त्रज्ञांनी रात्ररात्र बसायचे कसे? म्हणून ते बसतात बंगळुरूजवळ होसकोटेला. उपग्रहाच्या दुव्यावरून दुर्बीण तिथून वळते, आणि चित्रे तिकडे पोहोचतात. डोंगरावर राहतात ते तंत्रज्ञ आणि अभियंते, ज्यांत लडाखचे लोक बरेच आहेत. वीज, बर्फ, घुमटाची मोटर, जनरेटर हे सगळे त्यांच्या अंगावर. आम्ही लोकनिर्माण विभागाच्या विद्युत शाखेतले डिप्लोमावाले. आमचे लक्ष आरशापेक्षा केबलच्या जोडण्यांकडेच जास्त गेले, आणि कामाची टापटीप पाहून समाधान वाटले.

आजूबाजूला आता बरीच वस्ती झाली आहे, दुर्बिणींची. मुंबईची आयआयटी आणि तारा भौतिकी संस्था यांची मिळून ०.७ मीटरची ‘ग्रोथ-इंडिया’ दुर्बीण आहे. अचानक उजळणाऱ्या ताऱ्यांच्या मागावर ती असते. भाभा अणुसंशोधन केंद्राची ‘मेस’ ही गॅमा किरणांची २१ मीटर व्यासाची प्रचंड दुर्बीण आम्ही रस्त्यावरूनच पाहिली. शेकडो आरशांचे ताट उन्हात चमकत होते. आम्ही घरी परतलो आणि त्याच आठवड्यात, ४ ऑक्टोबर २०२४ रोजी, तिचे रीतसर उद्घाटन झाल्याची बातमी पेपरात आली.

आता मुख्य गोष्ट. दुर्बीण कितीही मोठी असली तरी खालच्या गावात चार हॅलोजन लागले की तिचे काम बिघडते. ही अडचण जुनी आहे. अमेरिकेत ॲरिझोना राज्यात फ्लॅगस्टाफ नावाचे गाव आहे, तिथे लॉवेल वेधशाळा. त्या गावाने १९५८ सालीच आकाशात फिरणाऱ्या जाहिरातीच्या झोतदिव्यांवर बंदी घातली. त्याच राज्यातल्या टूसॉनने किट पीक वेधशाळेसाठी १९७२ साली बाहेरच्या दिव्यांचे नियम केले. हानलेची दोन मीटरची दुर्बीण या टूसॉनमधल्याच कंपनीने बनवलेली आहे. दुर्बीण तिकडून आली आणि वीस-बावीस वर्षांनी दिव्यांचा विचारही मागोमाग आला असे म्हणायला हरकत नाही.

डिसेंबर २०२२ मध्ये लडाख प्रशासनाने हानलेभोवतीचा १,०७३ चौरस किलोमीटरचा प्रदेश अंधार राखीव क्षेत्र म्हणून जाहीर केला. देशातला असा पहिलाच. वन्यप्राण्यांसाठी जंगल राखतात तसा इथे अंधार राखायचा. घरांच्या खिडक्यांना जाड पडदे, बाहेरच्या दिव्यांना वरून टोपी, उजेड पिवळसर आणि जमिनीकडे, रात्री गाड्यांच्या दिव्यांवर आवर. वेधशाळेचे प्रभारी अभियंता दोर्जे आंगचुक यांनी या कामासाठी बरीच वर्षे खपून लोकांना जोडले. आम्हाला यात सर्वांत शहाणपणाचे वाटले ते पुढचे पाऊल. आसपासच्या वस्त्यांतल्या २४ जणांना निवडून प्रशिक्षण दिले आणि प्रत्येकाला दुर्बीण दिली. यांत बायका पुष्कळ. त्यांना ‘खगोलदूत’ म्हणता येईल. पाहुण्यांना आकाश दाखवायचे, त्याचे पैसे घ्यायचे, घरातली एखादी खोली मुक्कामाला द्यायची. अंधार राखला तर घरात चार पैसे येणार, हे त्या माणसाला रोज दिसते.

नुसत्या हुकमाने हे झाले नसते, असे आमचे मत आहे, आणि ते पंचवीस वर्षे रस्त्यावरच्या दिव्यांचीच कामे केल्यावर झालेले आहे. दिवा मागायला लोक अर्ज घेऊन येतात, दिवा काढा म्हणून कोणी येत नाही. त्यात लोकांचे चूक काही नाही. बाई-माणसाला रात्री घरी यायचे तर गल्लीत उजेड हवाच. पण आमच्याकडच्या बहुतेक खांबांवरचा उजेड रस्त्याइतकाच आभाळालाही दिला जातो आणि त्या वाया गेलेल्या उजेडाचे बिलही आपणच भरतो. टोपी लावून दिवा खाली वळवला तर कमी वॅटमध्ये रस्ता तेवढाच उजळतो. हानलेत आम्ही हे प्रत्यक्ष पाहिले. गल्लीत पायाखालचे दिसत होते आणि मान वर केली की आकाशगंगा.

ज्या ताईंकडे आम्ही उतरलो त्या अशाच खगोलदूत. रात्री नऊला त्यांनी अंगणात दुर्बीण मांडली. आम्ही प्रत्येकाने चार-चार कपडे चढवलेले, तरी दात वाजत होते. नैर्ऋत्येला धनु राशीतून निघालेला आकाशगंगेचा पट्टा श्रवण आणि हंसावरून डोक्यावर आला होता आणि ईशान्येला उतरत होता. त्याला सावलीसारखे काळे फाटे फुटलेले साध्या डोळ्यांनी दिसत होते. देवयानी दीर्घिकाही तशीच, दुर्बिणीशिवाय, पुसट कापसासारखी. पंचवीस लाख वर्षांपूर्वी निघालेला तो उजेड. शनीची कडी त्या वर्षी अगदी चपटी दिसत होती, टाचणी टोचल्यासारखी. ताईंनी हिंदीत सांगितले, की दर वर्षी ती थोडी-थोडी मिटत चालली आहेत, पुन्हा उघडतील.

पूर्वेला कृत्तिका वर आल्या. आम्ही आपल्या हौसेने त्यांना कार्तिकेयाची गोष्ट सांगितली. सहा कृत्तिकांनी त्याला वाढवले, तो आमच्या गणपतीचा भाऊ वगैरे. ताई हसल्या. त्यांच्याकडे या पुंजक्याला ‘मिन-डुक’ म्हणतात, आणि ‘डुक’ म्हणजे सहाच. इतक्या दूरच्या दोन भाषा, आणि दोघींनी सहाच मोजले! त्या रात्री आमच्यातल्या तरुणांनी सात, आठ, एकाने तर दहा मोजले, त्यावर बराच वाद झाला.

मध्यरात्रीनंतर मृग पूर्वेला नीट वर आला तेव्हा काकांनी टिळकांच्या ओरायनचा विषय काढला. मंडालेपर्यंत गाडी गेली असती, पण थंडीने आवरते घ्यावे लागले. पहाटे दोघेच जण उठले. त्यांना क्षितिजालगत त्सुचिनशान-ॲटलास धूमकेतू शेपटीसह दिसला. बाकीच्यांना पांघरुणातून निघवले नाही. त्याची टिंगल अजून चालू आहे.

सकाळी चहा पिताना ताईंना विचारले, की पाहुणे वाढले तर काय? त्या म्हणाल्या, हीच काळजी आहे. काही गाड्या रात्री उशिरा येतात, मोठे दिवे लावून. उमलिंग ला या १९,०२४ फुटांवरच्या घाटाकडे जाणारी मोटारसायकलवाली मंडळीही इथूनच जातात. कोणाला तंबूंच्या रांगा लावायच्या आहेत, कोणाला त्यांवर माळा. पाणी थोडे, हिवाळा मोठा. गावात सगळ्यांना पाहुणे मिळत नाहीत, ज्यांना मिळत नाहीत त्यांनी पडदे का लावावेत, असेही कोणी विचारते. त्यावर उत्तर त्यांच्याकडे तयार नव्हते. गावाची बैठक होते, बोलणे होते, असे म्हणाल्या. आम्हाला हे प्रामाणिक वाटले. पुण्यात १९१२ साली अशी बैठक झाली नाही, कारण वेधशाळा कोणाची, हा प्रश्न विचारणारा गावात कोणी नव्हता. हानलेत निदान भांडायला माणसे आहेत.

जाऊ इच्छिणाऱ्यांसाठी : जून किंवा सप्टेंबर बरा. मुक्काम गावातल्या घरीच करावा आणि आकाश दाखवायला खगोलदूतालाच बोलवावे. वेधशाळा दिवसाच पाहावी, रात्री डोंगराकडे गाडी नेऊ नये. टॉर्चला लाल कागद गुंडाळावा. मधुमेह, रक्तदाबवाल्यांनी डॉक्टरांना विचारूनच बेत करावा.

२०२५ साली अनंत चतुर्दशी ६ सप्टेंबरला होती. दुसऱ्या दिवशी, रविवारी ७ सप्टेंबरला, खग्रास चंद्रग्रहण होते. रात्री ९ वाजून ५७ मिनिटांनी ग्रहण लागणार होते, ११ वाजून १ मिनिटापासून १२ वाजून २३ मिनिटांपर्यंत चंद्र पूर्ण ग्रासलेला, तांबूस दिसणार होता, आणि १ वाजून २६ मिनिटांनी ग्रहण सुटणार होते. चंद्राच्या डावीकडे थोड्या अंतरावर शनी असणार होता. वर्गणी काढून घेतलेली सहा इंची दुर्बीण समाजाच्या गच्चीवर लावायचे ठरले होते. मांडवाचे दिवे खग्रास अवस्थेपुरते बंद ठेवायला कार्यकारिणीने होकार दिला होता. समोरच्या दुकानदारांशी त्यांच्या पाट्यांविषयी बोलणे चालू होते.